तीनला वीस कमी

तहसील कचेरीच्या भिंतीला लागून माझं टेबल.
वर निळी ताडपत्री, बाजूला झेरॉक्स मशीन.
पारोळ्यात निवडणूक लागली की माझी दिवाळी.
प्रभाग पाच अ, सर्वसाधारण महिला :
एका जागेसाठी एकाच पक्षाच्या
अकरा जणींचे अर्ज मी भरले.
अकराही जणी खालच्या आवाजात म्हणाल्या,
'आपलं नक्की आहे, वरून शब्द आलाय.'
वर म्हणजे जळगाव.
जळगावच्याही वर कोणी असेल,
तिथवर माझं काही जात नाही.

मुलाखती झाल्या होत्या रविवारी, मंगल कार्यालयात.
केवळबाई महाजन फाइल घेऊन गेली होती.
बोरवेलच्या अर्जांच्या पोचपावत्या,
गटारीचे फोटो, आधीचा आणि नंतरचा.
सतरा वर्षं सभांना अंथरलेल्या सतरंज्या
फाइलीत मावत नाहीत.
तिघांनी मिळून तिला एकच प्रश्न विचारला,
'खर्च किती करणार?'
ती म्हणाली, 'पायी फिराले काय खर्च लागस, भाऊ?'
तिघंही हसले.
तिला वाटलं, उत्तर आवडलं.

आज शेवटचा दिवस. तीनला दार बंद.
तिचा अर्ज सकाळीच तयार होता,
थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला,
सूचकाची सही.
एकच कागद यायचा होता.
ती बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन.
पिशवीत कळण्याची भाकर आणि पेढ्यांचा पुडा.
बाकीच्या दहा जणी थोडं अंतर राखून,
त्यांच्याही पिशव्या तशाच फुगलेल्या.

तीनला वीस कमी.
पांढरी गाडी थेट फाटकापर्यंत आली.
रतिलालअप्पा उतरले,
शर्टाच्या आत, पोटाशी धरलेला लिफाफा,
ओलं बाळंत पोर आणावं तसा.
'भर पटकन,' म्हणाले.

एबी फॉर्म.
सही निळ्या शाईची, अस्सल,
बोट फिरवलं तर पसरेल अशी.
शिक्का गोल.
प्रभाग लिहिलेला, चिन्ह लिहिलेलं.
उमेदवाराच्या नावाचा रकाना कोरा.

'नाव?'
'नानांची सून.'
'नाव सांगा, अप्पा.'
अप्पांनी ड्रायव्हरकडे पाहिलं,
ड्रायव्हरने गाडीकडे.
'वहिनी म्हणतो आम्ही,' अप्पा म्हणाले,
आणि फोन लावला.
नाना बैठकीत होते. नानांचा मुलगा उचलेना.

तेवढा वेळ पेन माझ्या हातात होतं.
एक नाव मला पाठ होतं,
वेलांटीसकट, घर क्रमांकासकट,
मतदार यादीतल्या अनुक्रमांकासकट.
बाकावरून ती माझ्याकडे बघत होती की घड्याळाकडे,
ते दोन्ही एकाच दिशेला.
मी टोपण काढलं. पुन्हा लावलं.
पोरांच्या फीचा विचार केला, असं सांगता येईल.
खरं तर विचार केलाच नाही.

शेवटी वहिनीच आल्या फोनवर.
'कशाला पाहिजे नाव?' त्यांनी विचारलं.
अप्पा म्हणाले, 'आधी सांगा, मग सांगतो.'
त्यांनी रेशनच्या दुकानात सांगावं तसं सांगितलं,
स्वतःचं, नवऱ्याचं, मग आडनाव.
मी लिहिलं. वळणदार अक्षर आहे माझं.

खाली आणखी एक रकाना असतो, पर्यायी उमेदवार.
'तिथं केवळबाईचं टाक,' अप्पा म्हणाले,
'तेवढंच तिले बरं वाटी.'
ते मात्र मी न विचारता लिहिलं.

ती आली, कागदावर वाकली,
खालच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली,
'हाऊ मीच ना?'
'तूच. वरचा अर्ज छाननीत उडाला, तर तू.'
'उडस का कधी?'
'क्वचित.'
तिने मान हलवली, जणू मी टक्केवारी सांगितली होती.
बाकावर जाऊन भाकर सोडली.
पेढ्यांचा पुडा तसाच ठेवला, गाठ पक्की करून.

छाननीच्या दिवशी कोणीच येत नाही.
मी टेबल मांडलं, तेव्हा ती आलेली होती.